निर्धास्त हवा

पन्हाळ्यावरच्या हॉटेलात तिसऱ्या मजल्यावर धूर शिरला, तेव्हा पाहुणे पलंगावर लोळत त्याचे फोटो काढत होते.

"काका, आग लागलीय! उठा!" हाउसकीपिंगच्या कुंदाताई ओरडल्या.

"लागू दे की, ताई. चहा तेवढा पाठवा," पेठेकाका गोड हसले.

कुंदाताईंचं डोकं फिरलं. पाहुण्यांनी घाबरून तक्रारी करू नयेत म्हणून मॅनेजर फडतऱ्यांनी एसीतून भीती घालवणारी हवा सोडली होती. नाकात गाळणी फक्त नोकरांच्या. साहेबांना नोकर घाबरणारेच लागत. आगीच्या सरावाला पाहुणे जांभया देत, आणि रजिस्टरात 'कोणीही घाबरले नाही' अशी नोंद होई.

कुंदाताईंनी दारं बडवली. "मोफत नाश्ता पाच मिनिटांत बंद होतोय! आज खाली लॉनवर आहे!"

मजला खडबडून उठला. पेठेकाका तर लुंगीवरच सगळ्यांच्या पुढे जिना उतरले. बेचाळीस माणसं लॉनवर पोचली आणि वर छत कोसळलं.

दुपारी फडतऱ्यांनी कुंदाताईंना शेजारच्या इमारतीतल्या थंडगार केबिनमध्ये बोलावलं. तिथल्या एसीतूनही तीच हवा येत होती. "पाहुण्यांशी खोटं बोललात. नाश्ता मिळाला नाही म्हणून बेचाळीस तक्रारी आल्यात. माफीनामा लिहा."

कुंदाताईंनी एसी बंद केला, खिडकी सताड उघडली आणि समोर बसून राहिल्या.

दहा मिनिटांनी फडतऱ्यांची नजर खिडकीबाहेरच्या काळ्याठिक्कर मजल्यावर गेली. ते खुर्चीतून ताडकन उठले. "कुंदाताई... बेचाळीस माणसं होती हो तिथे!"

"होती ना," कोरा कागद त्यांच्याकडे सरकवत त्या म्हणाल्या. "आता लिहा माफीनामा."