जर्मेनियमचा कान

शाळेचं प्रदर्शन उद्यावर आलं, तरी क्षिप्राचा बिनबॅटरीचा रेडिओ मुकाच होता. "चूक तुझी नाही," शेजारचे वामनकाका आपल्या घरी तो उघडून पाहत म्हणाले. "हा डायोड सिलिकॉनचा. त्याला मोठ्याने हाक मारावी लागते. हवेतली कुजबुज जर्मेनियमलाच ऐकू येते." तसा डायोड आता वाशीत कुठेच मिळत नव्हता. काकांची नजर कपाटावरच्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओवर गेली आणि परत आली. तो त्यांनी लग्नानंतर काकूंसाठी जोडला होता; त्यातला जर्मेनियमचा डायोड काढला, की तो कायमचा बंद. काकूंनी नजर ओळखली. "घ्या काढून," त्या म्हणाल्या. "माझ्याच कानांना वर्षभर त्यातलं अक्षरही ऐकू आलेलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लावत होते." काकांनी डायोड बदलला. इअरफोन कानात घालताच क्षिप्राच्या पायाने ठेका धरला. "गाणं लागलंय," पायाकडे पाहत काकू म्हणाल्या, आणि त्यांची बोटंही टेबलावर वाजू लागली.