फ्रिजच्या मागची जाळी

"हात लावू नकोस म्हटलं ना!" वसुंधराबाई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या. "करंट बसेल. पोर आहे घरात!"

अमिताने प्लग काढला आणि सासूबाईंना दिसेल अशी वायर फ्रिजच्या डोक्यावर टाकली.

"आई, आता करंट येणार कुठून?"

मग तिने फ्रिजला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि एकेक कोपरा सरकवत त्याला भिंतीपासून पुढे ओढलं. लेकीला, ईशाला, तिने ओढणीने खाटेच्या पायाला बांधून ठेवलं होतं, तरी घडीघडी अमिताची मान तिकडे वळत होती. पोरीने तोंडात काही घातलं नाही ना, गाठ आवळली नाही ना.

कापडाची मिल बंद पडल्यापासून घरातलं विकण्यासारखं एकेक गेलं होतं. आता तिच्या नवऱ्याचा, सुजयचा डोळा फ्रिजवर होता. त्याला एसटीडी-पीसीओचं बूथ टाकायचं होतं. "आता जमाना बदलतोय. अपन फोनच्या धंद्यात घुसू," तो म्हणायचा. अमिताचं म्हणणं एवढंच, की बूथ लागेल तेव्हा लागेल. आज चूल पेटते ती तिच्या श्रीखंडाच्या ऑर्डरींवर, आणि श्रीखंड टिकतं ते फ्रिजमध्ये.

फ्रिज बघायला दोन गिऱ्हाइकं येऊन गेली होती. दोघांनीही आत हात घालून तोंड वाकडं केलं होतं. एरवी फ्रिज बरा चालायचा. मधूनच त्याला काय व्हायचं कोण जाणे, आतल्या भांड्यांना घाम फुटायचा. अमिता व्होल्टेजला दोष द्यायची. कालपासून पुन्हा तेच. श्रीखंडाचे डबे आंबायच्या आत सासूबाईंनी शेजारणीच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवले, आणि वर "मांडा अजून दुकानं" म्हणून सुनावलं ते वेगळंच.

"डब्बा झालाय डब्बा," सुजय आज सकाळीच म्हणाला होता. "उद्या सियागंज बाजारातून तो जुनं सामान घेणारा विजयभिया येतोय बघायला. चालत नाही ती चीज ठेवून करायचं काय?"

"आणि चालवून दाखवला तर?"

"तर राहू दे. नाही विकत, बस?"

तो शब्द धरूनच ती आज फ्रिजच्या मागे शिरली होती.

काळ्या जाळीकडे बघून तिने कपाळाला हात लावला. नळ्यांच्या मधे रुई अशी दाटून बसली होती, की पलीकडचं काही दिसत नव्हतं. पण मिलच्या वस्तीत रुई कुठे नसते? सुजय कामावर होता तेव्हा रोज केसांत रुई घेऊनच घरी यायचा. मिल बंद पडली म्हणून कानाकोपऱ्यातली रुई थोडीच संपते!

नळ्यांच्या फटीत झाडू शिरेना. तिने ईशाची बाटली धुवायचा ब्रश उचलला.

"पोरीच्या दुधाचा ब्रश घाण केलास!"

"नवा आणेन."

"आण. मिल तुझ्याच बापाची ना?"

"बापाची मिल नाही, पण श्रीखंडाची कमाई आहे," अमिता म्हणाली आणि वरून खाली ब्रश ओढत राहिली. "आई, ही जाळी आतली गर्मी बाहेर टाकते. हीच कोंदली तर फ्रिज थंड होणार कसा? कॉलेजला होतं आम्हाला, गृहविज्ञानात."

"तेवढं कळतं मला. कॉलेजात न जाता कळतं."

"मग साफ का नाही केलीत कधी?"

सासूबाई खाटेकडे वळल्या. ईशाची ओढणी सोडून तिला कडेवर घेऊन त्या ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या, पाठ फिरवून.

अमिताने कोरड्या फडक्याने नळ्या पुसल्या, रुईचा गोळा कागदात बांधून गल्लीतल्या कचऱ्यात टाकून आली, फ्रिज भिंतीपासून वीतभर लांब ठेवला आणि प्लग लावला. मशीन घरघरलं. केसात जळमटं अडकलेली, नाकावर काजळी, पण ती हसत होती.

सकाळी बर्फ दगडासारखा जमला होता. सुजयने ट्रे ओट्यावर आपटला आणि शीळ घातली.

"बघितलंत?" अमिता म्हणाली. "आता विजयभियांना दारातूनच परत पाठवा."

तेवढ्यात विजयभिया आलाच. सुजयने फ्रिजचं दार सताड उघडलं. "आओ भिया, देखो. एकदम टनाटन!"

"अहो! काय शब्द दिला होतात?"

"तेव्हा हा डब्बा होता, अमिता. आता याला भाव येईल. समजत जा ना यार."

विजयभियाने ट्रेमधला बर्फ मोरीत ओतला, नळाचं पाणी भरून ट्रे परत आत ठेवला. "भाभीजी, मशीन तो ठीक लग रही है. पर अपना उसूल है, बर्फ अपने सामने की. शाम को टेम्पो लेके आता हूं. जमी मिली तो उठा लूंगा, नहीं जमी तो राम-राम."

"टेम्पो आला तर मी दारात आडवी पडेन," अमिता म्हणाली. "माझ्यावरून न्या."

"पड," सुजय चपला घालत म्हणाला. "घर खाली-पीली डोक्यावर घेऊ नकोस." दोघं बूथची जागा बघायला निघून गेले.

ती फ्रिजला टेकून खाली बसली. तिने स्वतःच्या हातांनी त्याला विकण्याजोगा केला होता.

सासूबाईंनी ईशाला तिच्या मांडीत ठेवलं. आता टोमणा येणार म्हणून अमिताने हनुवटी वर केली. "बोला. आज ऐकून घेणार नाहीये मी."

त्यांनी जाऊन दाराला आतून कडी लावली. मग खाटेवरची स्वतःची उशी ओढली, तिची शिवण दातांनी उसवली आणि आतून मूठभर रुई काढून सुनेच्या पुढे धरली.

"ऊठ. प्लग काढ, फ्रिज पुढे घे. आणि या वेळी पार तळापर्यंत कोंब, माझा हात तेवढा खाली पोचत नाही."