मारिदे

वेताचा आणखी एक फटका बसला तसा लिंगराज पालथा पडला. तोंडातलं रक्त ठाण्याच्या फरशीवर सांडलं.

"भावाला विहिरीत ढकलून 'मारिदे, मारिदे' वरडलास ना? शेजारच्या रानातल्या अंकुशरावानं ऐकलंय!" अमीन श्रीपतराव गरजले. निजाम गेला, तरी फौजदाराला लोक अजून अमीनच म्हणत.

तेवढ्यात दारात गुरुबाई येऊन उभी राहिली. मेलेल्या गुरुशांतप्पाची बायको, लिंगराजची वैनी. कपाळ मोकळं, डोळे कोरडे.

"मारू नका त्याला, सायेब. कन्नडात 'मारिदे' म्हंजे 'इकलं'. बैल बाजारात हेड्याला इकून आला हुता, तेच भावाला सांगायलाता. अंकुशराव उदगीरकडचा. त्याला कुठलं कन्नड?"

"मग डोकं कशानं फुटलं?"

"पाय घसरला, काठाचा दगड लागला. म्या बघितलं. बघून वाचाच बसली माझी."

अमीन गोंधळले. त्यांच्या मराठीत मारण्याचा अर्थ एकच होता, दखनी बोलणाऱ्या मुन्शीच्या बोलीतही तोच. पहाऱ्यावरचा तेलुगू शिपाई हळूच म्हणाला, "आमच्यात 'मारिंदी' म्हणजे बदललं, सायेब."

अमीनांनी कपाळाला हात लावला. माणूस फासावर द्यायचा तो असल्या शब्दावर? आणि जिचं कुंकू पुसलं तीच नको म्हणत असताना? त्यांनी बेड्या काढायला सांगितल्या.

गावाकडची, दुबलगुंडीची वाट तुरीतून जात होती. लिंगराजला चालवेना. गुरुबाईनं त्याला खांदा दिला. त्या आधारानं त्याला वेतापेक्षा जास्त भाजलं. मान वर करायची हिंमत होईना. ओढ्याजवळ तो तिच्या पायांवर कोसळला.

"वैनी, बैल इकलाच न्हाई, ठाऊक हाय तुमाला. तरीबी सोडवलात?"

"व्हय."

"रागात कुऱ्हाड चालली, वैनी. अण्णा माझा... तुमी माय हाव माझी. कामून सोडवलात?"

गुरुबाईनं आजूबाजूला पाहिलं. रान सुनसान होतं. बांधावरच्या झुडपात हात घालून तिनं तिथं लपवलेला विळा काढला आणि दुसऱ्या हातानं त्याचे केस धरले.

"सरकारनं फासावर दिलं असतं, तर माझ्या हाती कवा घावला असतास?"