बिचारा इन्स्पेक्टर

"आज दुपारी जेवायला आला नाहीत, तर मी माहेरी चालले," असं बायकोने बजावलं होतं. इन्स्पेक्टर घरी पोचले ते दिवेलागणीला. बायको आणि आई टीव्हीसमोर बसलेल्या. मालिकेतला इन्स्पेक्टर कुंडीतल्या निवडुंगाशी गप्पा मारत खुनाचा छडा लावायचा. त्या नादात ना घर, ना जेवण. आज त्याची बायको त्याला सोडून गेली होती.

"अशा देवमाणसाला सोडवलं तरी कसं हो त्या सटवीला?" बायकोने डोळे पुसले.

दारातल्या इन्स्पेक्टरांच्या जिवात जीव आला. ते हसत पुढे झाले.

जाहिराती लागल्या. बायको उठली. "आई, तेवढ्यात मी बॅग भरून घेते."

"भर गं. इन्स्पेक्टर आला की हाक मारते," आई म्हणाली, "आणि तू रे, टीव्हीसमोरून बाजूला हो आधी!"