हातभर वायर

मुलाने फोनवरून तिसऱ्यांदा प्रिंटरला हुकूम सोडला आणि तिसऱ्यांदा एकही कागद बाहेर आला नाही.

खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्याला त्याचं कारण पहिल्याच खेपेला कळलं होतं. छापखान्यात छत्तीस वर्षं मशीनमन होता तो. मशीन काय म्हणतंय हे त्याला डोळ्यांआधी कानांनी कळे. हुकूम पोचला की हा प्रिंटर आधी खाकरे, मग आतला रूळ फिरे, मग कागद ओढला जाई. आत्ताही तो खाकरला होता, रूळही फिरला होता. फक्त रुळाला कागद सापडला नव्हता. सकाळी टेबल सरकवताना खालचा ट्रे बोटभर बाहेर आला होता, एवढंच.

म्हातारा गप्प बसला. असं गप्प बसायची त्याला सवय नव्हती.

मुलगा मात्र वाय-फायच्या मागे हात धुऊन लागला होता. प्रिंटर म्हाताऱ्याच्या खोलीतला, जुना, वायरवाला. त्याला घरातल्या वाय-फायशी जोडणारी एक छोटी डबी त्याने मुद्दाम मागवली होती. पासवर्ड चारदा घालून झाला, डबीवरचा हिरवा दिवा लावून-विझवून झाला. आणि हा सगळा खटाटोप कोणासाठी, तर बापासाठी. दुपारी अण्णांचा डोळा लागतो न लागतो तोच कोणीतरी लॅपटॉप घेऊन त्यांच्या खोलीत शिरतं, हे त्याला बरेच दिवस खुपत होतं. ज्याने त्याने आपापल्या खोलीतून छापावं आणि अण्णांना सुखाने झोपू द्यावं, असा त्याचा बेत होता.

‘कोणीतरी’ म्हणजे नात. ती वकिलीचा अभ्यास करत होती आणि स्क्रीनवर वाचलेलं आपल्या डोक्यात शिरत नाही, असं तिचं म्हणणं होतं. प्रिंटरची वायर जेमतेम हातभर, त्यामुळे तिला आजोबांच्या खाटेवरच बसावं लागे. त्यात आजोबांचा छापखान्यातला नियम घरालाही लागू होता: चालू मशीन सोडून जायचं नाही, शेवटचा कागद पडेपर्यंत माणूस जवळ हवा. चाळीस पानं पडायला वीस मिनिटं लागत. एका विषयात नापास झाल्याचं तिने आईबापांच्या आधी आजोबांना सांगितलं होतं, तेही अशाच कुठल्याशा सतराव्या-अठराव्या पानाला. बाकीचं घर त्याला जेवलात का आणि गोळी घेतलीत का, एवढंच विचारी. त्यात कोणाचा दोष नव्हता. ज्याच्या त्याच्या मागे कामं होती. पण ती वीस मिनिटं गेली की दिवसात उरतं काय, हे म्हाताऱ्याला चांगलं ठाऊक होतं.

मुलाने दुकानदाराला फोन लावला. जमत नसेल तर परत आणून द्या, असं तो म्हणाला असावा, कारण मुलाने डबी काढून तिच्या खोक्यात घालायला घेतली.

“राहू द्या, अण्णा,” मान वर न करता तो म्हणाला. “तुमच्यासाठी म्हणून एक गोष्ट करायला घेतली, तीही धड जमली नाही.”

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी सायकलची निसटलेली चेन बसवता आली नाही की हा असाच खाली मान घालून बसायचा. आता त्या डोक्यावर टक्कल पडायला लागलं होतं.

“निरोप पोचतोय रे,” म्हातारा म्हणाला. “ट्रे आत ढकल.”

डबी परत जोडली, ट्रे खटकन बसला आणि चौथ्या खेपेला कागद सरसरत बाहेर आला. मुलाचा चेहरा उजळला. त्याने नातीला हाक मारून तिच्या लॅपटॉपवरही सगळं जोडून दिलं, अण्णांना आता कोणी उठवायचं नाही अशी तंबी दिली आणि जाताना दार अलगद ओढून घेतलं.

म्हातारा आडवा झाला. झोप कसली येते. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. पण धडधाकट मशीन बंद पाहणं त्याला जन्मात जमलं नव्हतं आणि पोराचा तो चेहरा तर त्याहून नाही.

चार वाजता प्रिंटर आपोआप खाकरला. एक कागद पडला. म्हातारा सवयीने उठला, ओल्या शाईचा कागद हातात घेतला. वर नातीच्या कॉलेजचं नाव, खाली ‘पान १, एकूण ४१’. दुसरं पान येईल म्हणून तो उभा राहिला. आलं नाही. ट्रे बघितला, नीट होता. डबीवरचा दिवाही हिरवा होता.

तेवढ्यात दार ढकलून नात आत आली. काखेत लॅपटॉप. डबीतली वायर उपसून तिने लॅपटॉपला लावली आणि खाटेच्या कडेला मांडी घातली.

“ते वायरलेस माझ्याकडून काही लागतच नाहीये, आजोबा,” ती म्हणाली. “बाबांना सांगू नका हं. त्यांना वाईट वाटेल.”

म्हाताऱ्याने हातातला कागद पाठीमागे नेला आणि बसता बसता उशीखाली सारला.

“नाही सांगत,” तो म्हणाला.

पहिलं पान पुन्हा पडलं, मग दुसरं, तिसरं. ती बोलत राहिली. दहाव्या पानाला तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं.

“अंगठ्याला शाई कशी लागली तुमच्या?”

म्हाताऱ्याने अंगठा मुठीत घेतला.

“छत्तीस वर्षांची आहे ती. जाता जात नाही.”