काढून ठेवलेली वायर

एल्डनने एका वारलेल्या शेतकऱ्याच्या सामानाच्या लिलावातून आणलेला गवतकापणीचा छोटा ट्रॅक्टर जवळपास त्याच्याच वयाचा होता. दुपारी विस्कॉन्सिनच्या उन्हात कोठार तापलं होतं. त्याने पात्यावरच्या पत्र्याच्या डेकखाली हात घालून वाळक्या गवताचा थर खरवडला, पातं हाताने गरकन फिरवलं आणि झटकन हात मागे घेतला.

इंजिनला ठिणगी देणाऱ्या प्लगची वायर काढायचीच राहिली होती. पातं फिरवताना इंजिन सुरू झालं की बोटं गेलीच, हे बापाने त्याला लहानपणीच घोटून शिकवलं होतं.

त्याने वर पाहिलं. वायर काढून नीट मागे वळवून ठेवलेली होती.

"डोरीन, ही वायर तू काढलीस?"

"मी कशाला त्या भंगाराला हात लावतेय?" बायकोने कॉफीचा कप बाकावर ठेवला. "काढली असशील तूच. हल्ली चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतोस!"

ती हसत निघून गेली. एल्डनला बॉनेटवर ग्रीसचा ताजा ठसा दिसला. कुणीतरी तिथे हात टेकला होता. तळवा होता, अंगठा होता, दोन बोटं होती. उरलेल्या दोन बोटांची नुसती खुंटं होती.

त्याने आपली दहाही बोटं डोळे भरून पाहिली. याच बोटांनी शनिवारी नातीच्या लग्नात अकॉर्डियन वाजवायचं होतं.

"फार उपकार झाले, दादा," तो रिकाम्या कोठारात म्हणाला आणि सवयीने त्याने हात पुढे केला.

कुणीतरी तो हातात घेतला आणि मायेने दाबला. अंगठ्याने आणि दोन बोटांनी.