मॉनिटरवरची चिठ्ठी

दवाखान्याच्या वेबसाइटची सुरक्षा लेक सांभाळायची. तीनदा पासवर्ड चुकला की खातं दिवसभर बंद, हा नियम तिचाच. आईचा रिपोर्ट बघायला ती घरच्या कॉम्प्युटरपाशी गेली, तर मॉनिटरवर आईच्या खात्याच्या पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली. तिचं डोकंच फिरलं.

"अगं आई, हा कुणीही वापरेल! थांब, दाखवतेच तुला."

आई शेंगा सोलत राहिली. लेकीने चिठ्ठीवरचा पासवर्ड टाकला. चुकला. चष्मा पुसून पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा एकेक अक्षर मोठ्याने वाचत टाकला. खातं बंद झालं.

"काय लिहून ठेवलंयस हे?"

"चोरासाठी आहे ते. खरा मला पाठ आहे," आई म्हणाली. "तीनदा चुकलं की बंद पडतं, असं तूच सांगितलं होतंस ना? वर्षभरात तूच पहिली सापडलीस."